पाऊस आला की भाडं दुप्पट, ही लूट का बाजार? (तुमचे प्रश्न)

गेल्या महिन्यात ह्याच पानावर मी सहज एक वाक्य लिहून गेले, की मुक्त बाजार कसा आणि किती कार्यक्षम चालतो ते बघायचं असेल तर पुस्तक नको, फोनमधलं टॅक्सीचं ॲप उघडा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. एवढंच. त्यावर जी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप आलेत ते बघून संपादक म्हणाले की आता तुम्हीच निस्तरा, म्हणून ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, शिव्या वगळल्यात.

प्रश्न: ताई, हिंजवडी फेज २ ते कोथरूड. नेहमी साडेतीनशेच्या आसपास होतात. जुलैमध्ये एका संध्याकाळी सहाला पाऊस सुरू झाला आणि स्क्रीनवर सहाशे ऐंशी. म्हटलं थांबू, तर दहा मिनिटांनी सातशे वीस. शेवटी बुक केली तर ड्रायव्हरचा फोन, "ड्रॉप कुठे? कॅश का ऑनलाइन?" आणि मग कॅन्सल. असं तिघांनी केलं. तुम्ही ह्याला कार्यक्षमता म्हणता? आम्ही तर लूट म्हणतो. (एक आयटीवाला, कोथरूड)

उत्तर: चिडणं बरोबर आहे, मी पण चिडते. पण दोन गोष्टी वेगळ्या करू, भाडं वाढलं ही एक आणि तिघांनी कॅन्सल केलं ही दुसरी.

पहिली आधी घेऊ. त्या संध्याकाळी समजा शंभर जणांना निघायचंय आणि गाड्या आहेत वीस. ह्या वीस गाड्या कोणाला मिळणार हा प्रश्न ॲप नव्हतं तेव्हाही होताच की. तेव्हा तो कसा सुटायचा? जो भिजत पळत जाऊन आधी आत बसेल त्याला, जो "वर शंभर देतो" म्हणेल त्याला, ज्याच्या ओळखीचा रिक्षावाला असेल त्याला, आणि बाकीचे टपरीच्या पत्र्याखाली उभे. म्हणजे वाटणी होतच होती, फक्त ती दिसत नव्हती आणि तिचा आकडा कुठे छापला जात नव्हता. भाव वाढला की काय होतं, ज्याला अर्धा तास थांबून चालतंय तो थांबतो, दोघं तिघं मिळून एक गाडी करतात, कोणी ऑफिसातच चहा घेत बसतो, आणि ज्याला खरंच तातडीने निघायचंय त्याला पैसे टाकून का होईना गाडी मिळते. आता तातडी आणि खिसा ह्या एकच गोष्टी नाहीत हे मलाही कळतं, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याच्या खिशात सातशे असतीलच असं नाही. भावाच्या वाटणीतली ही खोट आहेच आणि ती लपवून कोणी बाजाराची आरती करत असेल तर त्याचं ऐकू नका.

पण भाव वाढूच दिला नाही तर काय होतं ते एकदा चुकून बघायला मिळालं. १ जानेवारी २०१५, न्यूयॉर्क, थर्टी फर्स्ट साजरा करून लोक मध्यरात्रीनंतर घरी निघालेले, आणि ऐन गर्दीत उबरची भाव वाढवणारी यंत्रणा तांत्रिक बिघाडामुळे २६ मिनिटं बंद पडली. भाडं साधं दिसायला लागल्यावर सगळ्यांनी बटण दाबलं. आणि मागणी केलेल्या चारांपैकी एकाला सुद्धा धड गाडी मिळाली नाही. ह्याच्या उलट उदाहरण त्याच वर्षी मार्चमधलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला एक मोठा म्युझिक शो सुटला, ॲप उघडून बघणारे नेहमीच्या चौपट झाले, पण भाव वाढलेला बघून त्यातल्या बऱ्याच जणांनी बुक केलंच नाही, आणि ज्यांनी केलं त्यांना नेहमीसारखी दोन तीन मिनिटांत गाडी मिळाली. हा अभ्यास कंपनीच्याच माणसांनी शिकागो विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाबरोबर केलाय, तेव्हा थोडं जपूनच घ्या, पण त्यातली गोष्ट खोटी वाटत नाही.

आणखी एक मजेदार भानगड आहे. गाड्या कमी पडल्या की ॲप लांबची गाडी पाठवायला लागतं, तुम्ही फेज २ ला आणि गाडी येतेय औंधहून. म्हणजे तो ड्रायव्हर अर्धा तास मोकळाच येणार. तेवढा वेळ ती गाडी दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाही, म्हणून गाड्या अजून कमी पडतात, म्हणून अजून लांबून बोलवाव्या लागतात. ग्लेन वाइल हा अर्थशास्त्रज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे दुष्टचक्र नीट मांडून दाखवलं, आणि त्यांचं म्हणणं असं की वाढीव भावाचं मोठं काम हेच, जवळची एखादी तरी गाडी मोकळी राहू देणं. दादर स्टेशनबाहेर हात दाखवून टॅक्सी पकडताना हा प्रश्न येत नाही कारण लांबची टॅक्सी तुम्हाला दिसतच नाही.

आता तुमचे तीन कॅन्सल. इथे मी कंपनीच्या बाजूने अजिबात नाही. ड्रायव्हर "ड्रॉप कुठे" विचारतो त्याला आपण माजोरडेपणा म्हणतो, पण त्याच्या जागी बसून बघा. त्याला किलोमीटरचे पैसे मिळतात ते गिऱ्हाईक बसल्यापासून. तुमच्यापर्यंत यायचे चार किलोमीटर, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये जळणारा गॅस, कोथरूडहून परत मोकळं यावं लागलं तर ते, हे सगळं त्याच्या अंगावर. म्हणजे स्क्रीनवर जो भाव दिसतो त्यात त्याचा सगळा खर्च धरलेलाच नाही, आणि जे भावात धरलं नाही ते तो फोन करून काढून घेतो. कॅश का ऑनलाइन हे सुद्धा तेच, सीएनजीच्या लाइनीत त्याला आज रोख लागते, ॲपमधले पैसे कधी हातात पडतील ते पडतील. थोडक्यात बाजार पुढच्या दाराने बंद केला की तो मागच्या दाराने येतो, तुमच्या फोनच्या रिंगने येतो.

आणि पुण्यात पाऊस म्हणजे निव्वळ मागणी वाढणं नसतं, रस्ताच बंद होतो. भाव वाढला की गाड्या येतात हे तत्त्व गाडी येऊ शकत असेल तर. भुजबळ चौकात सगळं तुंबलेलं असताना भाव पाचपट केला तरी गाडी उडत येणार नाही, तेव्हा जे वाढतं ते नुसतं भाडं. केंद्र सरकारने २०२० च्या नियमावलीत ह्या वाढीला मूळ भाड्याच्या दीडपटीचा लगाम घातला होता, जुलै २०२५ च्या नव्या नियमावलीत तो दुप्पट झाला. शिवाय कारण नसताना कॅन्सल केलं तर भाड्याच्या दहा टक्के, जास्तीत जास्त शंभर रुपये दंड, ड्रायव्हरला पण आणि आपल्याला पण. मूळ भाडं मात्र राज्य ठरवणार. तेव्हा तुमच्या सातशे वीसवर भांडायचं असेल तर आधी मूळ भाडं किती धरलंय ते बघा, साडेतीनशे हा तुमच्या सवयीचा आकडा आहे, सरकारचा असेलच असं नाही.

प्रश्न: ॲपवरच्या ह्या टॅक्सीला राइड शेअरिंग का म्हणतात? मी तर एकटीच बसते, कोणाशी काही शेअर करत नाही. (ठाणे)

उत्तर: बरोबर पकडलंत. अमेरिकेत सुरुवातीला कल्पना अशी होती की ज्याची गाडी रिकामी जातेय त्याने वाटेवरच्याला बसवावं. तसं फार थोडं झालं. नाव तेवढं चिकटून राहिलं, धंदा टॅक्सीचा झाला. आपल्याकडे खऱ्या अर्थाने शेअर कोण करतं ते पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न: तुम्ही शहरातली माणसं ॲपचं कौतुक करता. आमच्या कराड भागात वडाप चाळीस वर्षं चाललीय. ना ॲप, ना जीपीएस. दहा माणसं भरली की जीप हलते, प्रत्येकी ठरलेले पैसे, म्हातारीला दारात सोडतात, भाजीची पाटी वर टाकतात. मग नवीन काय केलं ह्या लोकांनी? (एक शेतकरी वाचक)

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. माझं माहेर तिकडचंच, कॉलेजला मी वडापनेच गेलेय, मांडीवर कोणाचं तरी पोर आणि पायाशी कोंबडी.

वडाप हा खरा मुक्त बाजार, इतका मुक्त की कायद्यात बसतच नाही. मोटार वाहन कायद्यात टप्प्याटप्प्याने माणसं चढउतार करून प्रत्येकाकडून वेगळं तिकीट घ्यायचं तर वेगळा परवाना लागतो, जीपला असतो तो अख्खी गाडी एका गिऱ्हाइकाला भाड्याने द्यायचा. तेव्हा वडापवाला रोज नियम मोडतो, हे पोलिसांना माहितीय, एसटीला माहितीय, आणि ज्या गावात दिवसातून दोन एसट्या जातात तिथल्या माणसाला त्याची काही पडलेली नाही. तिचं गणित बघा. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे रिकामी सीट जवळपास शून्य, म्हणून माणशी भाडं कमी. किंमत कोण चुकवतं? आधी येऊन बसलेला माणूस, वेळेने. पहिला जो बसला तो अर्धा पाऊण तास ड्रायव्हरच्या "चला चला कराड कराड" ऐकत बसणार.

ॲपने नेमकी हीच वेळ कापली. वडापचा ड्रायव्हर ओरडून जी माहिती देतो, गाडी कुठाय, कुठे चाललीय, किती घेणार, ती ॲप न ओरडता दोघांच्या हातात देतं, आणि समोरासमोर नसलेल्या दोन माणसांची गाठ घालून देतं. नवीन काय, तर एवढंच. पण हे एवढंच फार मोठं आहे बरं का. फक्त त्यासाठी गिऱ्हाइकं दाट पाहिजेत. पाटणच्या आतल्या वाडीत चार किलोमीटरवर एक माणूस उभा, त्याच्यासाठी ॲपवरून गाडी मागवणं परवडणारच नाही, तिथे दहा जणांना एका जागी गोळा करणारी वडापच शहाणी. म्हणून ती अजून टिकलीय. एक गोष्ट मात्र वडापला जमली नाही, अपघात झाला तर विमा कोण देणार आणि तक्रार कुठे करणार. मागे लटकणारी पोरं मी डोळ्याने बघितलीत, तेव्हा सगळंच कौतुक नको.

प्रश्न: ह्या ॲपमुळे ग्राहकाचा नक्की किती फायदा होतो ह्याचा काही आकडा असतो का? का नुसतंच कार्यक्षमता कार्यक्षमता म्हणायचं? (नागपूर, बी.कॉम. प्रथम वर्ष)

उत्तर: आहे. शाब्बास, असंच विचारत जा. अर्थशास्त्रात ग्राहकाचं आधिक्य म्हणून एक गोष्ट शिकवतात, मी एखाद्या वस्तूला दोनशे द्यायला तयार होते आणि मला ती दीडशेला मिळाली तर पन्नास माझे सुटले. अडचण ही की लोक किती द्यायला तयार होते हे कोण सांगणार? स्टीव्हन लेविट हा अर्थशास्त्रज्ञ आणि इतरांनी २०१६ मध्ये एक युक्ती केली. उबरचं ॲप आतल्या आत भाव १.२४९ पट काढायचं आणि स्क्रीनवर १.२ दाखवायचं, १.२५१ निघाला तर १.३ दाखवायचं. म्हणजे परिस्थिती जवळजवळ तीच, पाऊस तोच, गर्दी तीच, पण एकाला १.२ दिसतं आणि दुसऱ्याला १.३. मग १.३ बघून किती जण मागे फिरतात ते मोजलं की लोकांची तयारी कळते. अमेरिकेतल्या चार शहरांतल्या जवळपास ५ कोटी नोंदी घेऊन हे केलं. निघालं असं की लोकांनी दिलेल्या दर एका डॉलरमागे सुमारे १.६० डॉलरचा फायदा त्यांच्या पदरात पडला. ह्यातही कंपनीचे लोक सामील होते आणि आकडे कंपनीनेच दिले, पण रीत इतकी सुंदर आहे की माझ्या वर्गात मी ती दरवर्षी सांगायचे. सायकलच्या पंक्चरवाल्याने पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघावेत तशी. तुमच्या सरांना सांगा, परीक्षेत विचारा म्हणावं.

एक लक्षात ठेव पण. हा फायदा गाडीत बसणाऱ्याचा मोजलाय. चालवणाऱ्याचा नाही.

प्रश्न: माझे मिस्टर आधी एका ऑफिसच्या गाडीवर ड्रायव्हर होते, महिन्याला ठरलेला पगार. २०१६ ला सगळे म्हणाले ॲपवर लावा, लाखभर रुपये सुटतात. कर्ज काढून गाडी घेतली. पहिले सहा महिने खरंच तेवढे आले, इन्सेन्टिव्ह वेगळा. मग इन्सेन्टिव्ह कमी कमी होत गेला, बारा बारा तास चालवून हप्ता आणि गॅस जाऊन हातात वीस राहायचे. २०१९ ला बँकेने गाडी ओढून नेली. तुमच्या मुक्त बाजारात आमची चूक काय होती ते सांगा. (नवी मुंबई. कंपनीचं नाव छापू नका)

उत्तर: ताई, नाव छापलेलं नाही. चूक तुमची नव्हती असं मी नुसतं बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, का नव्हती ते सांगते.

भाव हा बाजारात निरोप्याचं काम करतो. कांद्याला चाळीस मिळतोय म्हटलं की शेतकरी कांदा लावतो. २०१६ ला तुमच्या मिस्टरांना जो लाखाचा भाव दिसला तो पण निरोपच होता, की या, गाड्या कमी आहेत, गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत. पण तो निरोप गिऱ्हाइकाने पाठवलाच नव्हता. त्या वेळी पुण्या-मुंबईत लोक रिक्षापेक्षा स्वस्तात एसी गाडीतून जात होते आणि ड्रायव्हरला रिक्षावाल्याच्या कितीतरी पट मिळत होते. हे दोन्ही एकदम कसं शक्य आहे? मधला फरक गुंतवणूकदार भरत होते. ओला २०१० ला सुरू झाली, उबर २०१३ ला भारतात आली, आणि पुढची काही वर्षं दोघींमध्ये कोण जास्त पैसे जाळतं ह्याचीच शर्यत होती. उबरचा जगभरचा तोटा एकट्या २०१९ मध्ये साडेआठ अब्ज डॉलर होता, वर्षाच्या हिशोबात धंद्यातून नफा पहिल्यांदा दिसला तो २०२३ मध्ये. म्हणजे अमेरिकेत सुरू झाल्यापासून चौदा वर्षं. आपल्या गल्लीतल्या वाण्याने चौदा महिने तोट्यात साखर विकून दाखवावी.

म्हणून त्या काळातली स्वस्ताई कार्यक्षमतेची होती असं म्हणणारे अर्धंच सांगतात. थोडी होती, ते खालच्या एका उत्तरात येईल. बाकीची वर्गणी होती, कॅलिफोर्निया आणि टोकियोतल्या लोकांनी आपल्या टॅक्सीसाठी काढलेली. ती एक दिवस थांबणार हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तुमच्या मिस्टरांना ते कोणी सांगितलं नाही, आणि तोपर्यंत पाच वर्षांचा हप्ता गळ्यात. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ॲप बदलू शकतं, कंपनी रातोरात इन्सेन्टिव्हचा नियम बदलू शकते, हप्ता मात्र बदलत नाही. तिघांपैकी एकाचेच पाय बांधलेले, म्हणून पडलाही तोच. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत ड्रायव्हर लोकांचा मोठा संप झाला तो ह्याच रागातून.

पुढे काय झालं ते पण सांगते, कारण ते मला तरी खरा बाजार वाटतं. ड्रायव्हरच्या कमाईतला वीस पंचवीस टक्के वाटा कंपनी कापते ह्यावर ओरड होतीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळूरूच्या रिक्षावाल्यांसाठी नम्मा यात्री नावाचं ॲप आलं, कमिशन शून्य. नंतर त्यांनी दिवसाला पंचवीस रुपये असं ठरवलं, मग दिवसभर कितीही ट्रिपा मारा. गिऱ्हाइकाने पैसे थेट रिक्षावाल्याच्या हातात द्यायचे. ते चाललं म्हटल्यावर रॅपिडोनेही तोच रस्ता धरला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरने सुद्धा रिक्षासाठी कमिशन सोडून ठरावीक फीचा मार्ग घेतला. कोर्टाने सांगितलं नाही, मोर्चा काढावा लागला नाही, पलीकडे दुसरं दुकान उघडलं एवढंच. गाडीवाल्यांसाठी २०२५ च्या नियमावलीत स्वतःची गाडी असेल तर भाड्याच्या निदान ऐंशी टक्के त्याला मिळावेत असं आहे. तुमच्यासाठी हे सगळं उशिरा आलं. मिस्टर आता काय करतात ते तुम्ही लिहिलं नाहीत, कळवाल का.

प्रश्न: मी ७४ वर्षांचा आहे, गिरगावात राहतो. खाली उतरलं की काळी-पिवळी उभी असते. हात केला की थांबते. मला हे ॲपचं प्रकरण उगाच वाटतं. (मुंबई)

उत्तर: काका, तुमच्यापुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याला पुरावा आहे. ॲपची खरी कमाई कशात, तर गाडी मोकळी फिरण्याचा वेळ कमी करण्यात. क्रेमर आणि क्रूगर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मोजलं की ड्रायव्हरच्या कामाच्या वेळेतला किती वेळ मागे गिऱ्हाईक बसलेलं असतं. बॉस्टनमध्ये साध्या टॅक्सीत ३२ टक्के, उबरमध्ये ४६. सॅन फ्रान्सिस्कोत ३८ आणि ५५. आणि न्यूयॉर्कमध्ये? ४९ आणि ५१. जवळपास सारखंच! कारण न्यूयॉर्कच्या रस्त्यावर माणसं इतकी दाट की टॅक्सीला ॲप लागतच नाही, हात वर झालाच. गिरगाव, काळबादेवी, फोर्ट हे आपलं न्यूयॉर्क. तुम्ही डोंबिवलीच्या पलीकडे कुठे नव्या टॉवरमध्ये राहायला असता, रात्री अकराला खाली उतरून हात केला असता तर कुत्रं सुद्धा थांबलं नसतं, तिथे ॲप म्हणजे देव.

तुमच्या टॅक्सीचं भाडं (फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये झालं) सरकार ठरवतं, पाऊस असो की ऊन. ठरलेला भाव म्हणजे घासाघीस नाही हे सुख आहेच. त्याचा दुसरा अर्थ असा की पावसात भाव वाढू शकत नाही, मग वाढतं ते "नाय जाणार". भाड्याला नकार हा सुद्धा एक भावच असतो, फक्त तो पावतीवर येत नाही. पद्मिनी मात्र मलाही आठवतात हो, २०२३ ला शेवटची गेली तेव्हा वाईट वाटलं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे न्यूयॉर्कच्या यलो टॅक्सीवाल्यांची वाताहत झालेली आम्ही बघितली, त्यातले कितीतरी आपल्याच उपखंडातले. ह्यावर लिहा. (एक मराठी वाचक, एडिसन)

उत्तर: लिहायलाच हवं, कारण आपल्या परमिटची गोष्ट तीच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९३७ च्या कायद्याने टॅक्सींचा आकडा गोठवला, बॉनेटवर पत्र्याचा बिल्ला असेल तरच टॅक्सी. शहर वाढलं, बिल्ले साडेतेरा हजारांच्या आसपासच राहिले, म्हणून बिल्ल्याचीच किंमत वाढत गेली आणि २०१४ च्या सुमारास एका बिल्ल्याला दहा लाख डॉलरच्या वर भाव आला. गाडीला नव्हे हो, बिल्ल्याला. बाहेर देशातून आलेल्या ड्रायव्हर लोकांनी आयुष्यभराचं कर्ज काढून ते घेतले, आणि मग बिल्ला न लागणाऱ्या हजारो गाड्या ॲपवर आल्या आणि भाव दोन लाखांच्या खाली कोसळला.

बाजारवाले म्हणतात टंचाई कृत्रिम होती, फुटली ते बरं झालं. ग्राहक म्हणून मला पटतं. पण टंचाई तयार केली शहराने, बिल्ल्यांचे लिलाव करून पैसे घेतले शहराने, आणि फुटली तेव्हा फटका बसला शेवटी विकत घेणाऱ्याला. २०१८ ला मग शहराने ॲपच्या गाड्यांवरही मर्यादा घातली, म्हणजे फिरून तिथेच. महाराष्ट्रात रिक्षाची परमिटं १९९७ पासून जवळपास बंद होती, २०१७ ला खुली झाली. मधल्या वीस वर्षांत ज्याच्याकडे परमिट तो मालक आणि चालवणारा त्याला शिफ्टचं भाडं देणारा गडी, हे आपल्याकडेही झालंच की.

प्रश्न: गोव्यात विमानतळावरून घरी जायला जेवढे लागतात तेवढ्यात पुण्याहून विमानाने येता येतं. आमच्याकडे ओला-उबर का नाही? (फोंडा)

उत्तर: अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. गोव्यात टॅक्सीवाल्यांची एकी मोठी, जवळपास प्रत्येक गावात एखाद्या घराचं पोट त्यावर, आणि चाळीस मतदारसंघांच्या छोट्या राज्यात तेवढी मतं आमदाराला पुरतात. २०१८ ला सरकारच्या पर्यटन महामंडळाच्या पाठिंब्याने गोवा माइल्स ॲप आलं, त्यालाही विरोध. २०२५ मध्ये ॲप कंपन्यांसाठी नियमांचा मसुदा आला, पुन्हा आंदोलन, सरकारने तो मागे घेतला. टॅक्सीवाल्यांची भीती खोटी नाही, वर नवी मुंबईच्या ताईंचं पत्र वाचा. पण सीझनचे चार महिने कमावून पावसाळ्यात बसून राहायचं, आणि त्या बसण्याचा खर्च सीझनच्या भाड्यात घालायचा, हे पर्यटकाला एकवेळ चालेल. फोंड्याच्या माणसाला बारा महिने तेच भाडं का?

प्रश्न: माझ्या आयफोनवर जास्त भाडं दिसतं आणि बायकोच्या साध्या फोनवर कमी. आणि सगळे ड्रायव्हर एकच भाव लावतात, हे संगनमत नाही का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: फोनच्या ह्याच तक्रारीवर जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटीस काढली होती, दोघांनीही असं काही करत नसल्याचं सांगितलं. तुम्ही करून बघताना एक काळजी घ्या, दोन्ही फोन एकाच जागी, एकाच क्षणी, दोघांची कुपनं बघून. दोन मिनिटांच्या फरकाने पण भाव हलतो.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे आणि तो खरंच लढला गेला. एका वकिलांनी स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की हजारो ड्रायव्हर स्वतंत्र धंदेवाले आहेत, ते एकमेकांशी भावात स्पर्धा करत नाहीत, ॲपच सगळ्यांचा भाव ठरवतं, म्हणजे ॲपच्या आडून सगळ्यांची साखळी. आयोगाने २०१८ मध्ये तक्रार फेटाळली, ड्रायव्हर लोकांनी आपसात ठरवून काही केल्याचं दिसत नाही म्हणून, आणि डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. कायद्याने उत्तर मिळालं. मला अजून खटकतं ते असं, की मंडईत भाव दहा गाळ्यांवर दहा असतात आणि ते गाळेवाले ठरवतात, मंडईचा मालक नुसतं गाळ्याचं भाडं घेतो. इथे मंडईचा मालकच भाव ठरवतो, कोणत्या गाळ्यावर कोणतं गिऱ्हाईक जाईल ते पण ठरवतो, आणि गाळेवाल्याने कुरकुर केली तर त्याचा आयडी बंद. ह्याला मी गेल्या महिन्यात मुक्त बाजार म्हटलं. शेजारी दुसरी मंडई आहे तोवर म्हणता येईल, बंगळूरूत ती उघडली म्हणून तर कमिशन सुटलं. तेव्हा माझं ते वाक्य मी अर्धं मागे घेते, अर्धं तसंच ठेवते.

प्रश्न: तुम्ही स्वतः काय वापरता? खरं सांगा. (तुमची जुनी विद्यार्थिनी)

उत्तर: फोनमध्ये तीन ॲप आहेत. तिन्ही उघडते, भाव बघते, मग खाली स्टँडवर जाते आणि आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्या काकांना आकडा दाखवते. मीटर आणि ॲप ह्यातलं जे कमी असेल ते ते घेतात. पाऊस असेल तर जे जास्त असेल ते, आणि वर मला ऐकवतात की मॅडम, तुम्हीच शिकवलंत.